अण्णांचं चिन्ह

तिसऱ्यांदा भिंग पुसून तिने मातीची पाटी उजेडाकडे तिरकी केली. चौथ्या ओळीच्या शेवटी काहीच नव्हतं. ना खूण, ना तडा. माती साफ कोरी होती.

चार हजार वर्षांपूर्वी ओल्या मातीत बोरूने टोचून लिहिलेली ही कीलाकार लिपी कॉम्प्युटरवर आणायचं काम ती अकरा वर्षं करत होती. एकेका चिन्हाला क्रमांक मिळाला, की ते जगात कुठेही टाइप करता येतं. आणि एकदा दिलेला क्रमांक कधीच मागे घेता येत नाही. या कामात तिच्या पाठीचा पार भुगा झाला होता. आता एकच चिन्ह उरलं होतं, तिच्या वडिलांचं.

अण्णांनी तरुणपणी या पाटीची हाताने नक्कल काढली होती. हे चिन्ह फक्त त्यांच्या नकलेत, चौथ्या ओळीच्या शेवटी होतं आणि तिथूनच ते प्रत्येक कोशात गेलं होतं. आता अण्णा अंथरुणाला खिळले होते. ती दिसली रे दिसली, की एकच प्रश्न : "माझ्या चिन्हाचं काय झालं गं?"

"सापडलं का, बाई?" संग्रहालयाचा कारकून जांभई देत म्हणाला. "माझी जेवायची वेळ टळली."

तिला अण्णांचा राग आला नाही, कीव आली. बिचाऱ्यांचे डोळे दमले असतील. जन्मभराच्या कामात नाव घेण्याजोगं एवढं एकच, आणि तेही चूक निघालं हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शिवाय ती स्वतःही आता फार थकली होती.

"सापडलं," ती म्हणाली. फॉर्मवर तिने लिहिलं : मूळ पाटी स्वतः पाहिली, चिन्ह स्पष्ट आहे. खाली सही ठोकली.

तीन महिन्यांनी मंजुरी आली. अण्णांच्या उशाशी बसून तिने लॅपटॉप उघडला.

"बघा. तुमचं चिन्ह. आता कुणाच्या बापाला काढता यायचं नाही!"

अण्णांनी मान उचलून पडद्याकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा काढला. त्यांना भरून आलं असं वाटून तिचेही डोळे भरले. अकरा वर्षं सार्थकी लागली.

"पाटी न बघता माझी नक्कल उचलणारे चोर पकडायला ते चिन्ह मी मनाचंच घुसडलं होतं," अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षांत एकही जण मूळ पाटीपर्यंत गेला नाही. मला वाटलं होतं पोरी, तू तरी जाऊन बघशील."