सहा तास

"सहा तासांच्या आत करायला हवं," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "किती वाजता गेल्या त्या?"

"नऊ वाजून दहा मिनिटांनी," मास्तर म्हणाले. घड्याळात पाऊण वाजला होता. दोन परिचारिका मोठी पेटी घेऊन जिन्यात खोळंबल्या होत्या आणि मास्तरांची लेक आतल्या खोलीच्या दारात आडवी उभी होती.

"आईला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

त्वचादानाचा अर्ज आईनेच भरला होता, तीन वर्षांपूर्वी. जन्मभर तिने लोकांचे कपडे शिवले. चिंधीसुद्धा कधी टाकली नाही. अर्ज भरताना मास्तरांना म्हणाली होती, "चांगलं कापड वाया कशाला घालवायचं?" लेकीला मात्र दोघांनीही सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता राहून गेलं. आता घरच्यांच्या दोन सह्या हव्या होत्या. मास्तरांची करून झाली होती.

लेकीची समजूत कशी घालावी, त्यांना उमजेना. चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेला माणूस. तोंड उघडलं की धडाच बाहेर यायचा.

"हे बघ बाळ, पाठीचा आणि पायांचा नुसता वरचा पापुद्रा घेतात. अभिस्तर ऊती, आणि तिच्याखालची जराशी संयोजी ऊती. कागदाएवढं पातळ. स्नायूला धक्कासुद्धा लागत नाही."

"बाबा, हा वर्ग नाही."

"नाही गं. मला एवढंच म्हणायचंय, की माणूस एकदम जातं, ऊती एकदम जात नाहीत. मेंदूतली चेता ऊती आधी जाते, काही मिनिटांत. मग हृदयाचा स्नायू. कातडी चिवट असते, ती मागे रेंगाळते. म्हणून तर हे सहा तास..."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे आई अजून सगळी गेलेली नाही?"

चौतीस वर्षांत मुलांचा एकही प्रश्न मास्तरांनी उडवून लावला नव्हता. ते खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला आणि तसाच हातात धरून राहिले.

एकदा घड्याळाकडे डॉक्टरीणबाईंची नजर गेली, पण ती त्यांनी लगेच वळवली.

शेवटी लेकीनेच डॉक्टरीणबाईंना विचारलं, "कुणाला लावणार?"

"भाजलेल्या माणसाला. कुणाला, ते आत्ता नाही सांगता येत."

"मग ती कायमची त्याच्या अंगावर राहणार?"

"नाही. दोन-तीन आठवडे. परकी कातडी शरीर ठेवून घेत नाही. पण तेवढे दिवस जखम झाकलेली राहते, आग कमी होते. जीव तगतो. त्याची स्वतःची यायला तेवढा अवधी मिळतो."

"आणि नंतर?"

"नंतर ही गळून पडते."

लेक दारातून हलली. टेबलावर वाकून तिने सही केली, पेन टोपण न लावताच ठेवलं आणि गॅलरीत जाऊन सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. डॉक्टरीणबाई आणि परिचारिका पेटी घेऊन आत गेल्या. दार लागलं.

पाऊण तास मास्तर त्या दाराबाहेर बसून होते. आतून यंत्राची बारीक घरघर यायची, थांबायची, पुन्हा यायची. लेक मध्येच गॅलरीतून आली, त्यांच्या हातातला चष्मा काढून घेतला आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला. मग तिथेच जमिनीवर, त्यांच्या पायाशी बसली.

दार उघडलं तेव्हा आई होती तशीच निजलेली होती. चेहरा तोच. चादर हनुवटीपर्यंत ओढलेली. मास्तरांनी पायांकडून चादर वर उचलली. मांडीपासून घोट्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्या नीट गुंडाळल्या होत्या. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं.

"फार घट्ट नाही ना बांधलंत?" त्यांनी विचारलं.

परिचारिकेने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या खाली वाकल्या, घोट्याजवळची गाठ सोडली आणि पट्टी पुन्हा बांधली, जराशी सैल.