गुलाबी भिंत

क्लासमध्ये शिकवलं होतं, फ्लॅश थेट तोंडावर मारायचा नाही, भिंतीकडे वळवायचा; उजेड मऊ पडतो. सरावाला कोणी मिळेना, म्हणून शेजारच्या गुळवणीकाकांना त्यांच्याच घरी खुर्चीत बसवलं. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात.

फोटोत काकांचा चेहरा गुलाबी आला.

“चुकलंच माझं. भिंत गुलाबी आहे, तिचा रंग तुमच्यावर पडला. आता छताकडे वळवते, ते पांढरं आहे.”

दुसरा फोटो अगदी बरोबर आला. काका मात्र पहिलाच बघत राहिले.

“हा रंग हिने निवडला. घराचं ब्यूटीपार्लर केलंस म्हणून अख्खी दिवाळी भांडलो आम्ही.”

मग म्हणाले, “पुन्हा भिंतीकडेच वळव,” आणि उठून खुर्ची भिंतीला अगदी खेटवून बसले.