बुधवारची चाचणी

गोजराआजींचं बोट शेवटच्या बटणावर आलं आणि पुन्हा थांबलं.

कृष्णात गप्प बसून राहिला. बोलायचं नसतंच. माणूस कुठे अडतो ते बघायचं. मदत करायची नाही, खुणावायचंही नाही. नव्या पोरांना हा नियम तोच शिकवायचा.

"मना नाय जमत रे बाला." आजींनी फोन पालथा ठेवला. "तू जेवून घे. मंग बगू."

कृष्णात बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात काम करायचा. सरकारी सेवांच्या संकेतस्थळावरची भाषा लोकांना समजेल अशी करणाऱ्या गटाचा तो प्रमुख. 'उपरोक्त', 'अन्वये', 'विहित नमुना' असले शब्द दिसले की त्याचं डोकं उठायचं. सध्या वारसाच्या नावावर नळजोडणी करण्याचं पान हातात होतं. दुकानदार, रिक्षावाले, शिक्षिका, सगळ्यांकडून नवं पान भरून घेऊन झालं. सगळ्यांना जमलं. अडल्या त्या एकट्या गोजराआजी.

घणसोली गावात, भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या गल्लीत आजी राहायच्या. पहिल्या बुधवारी तर त्या भराभर शेवटापर्यंत आल्या होत्या. बोट पानावर, तोंडाने चौकशी.

"कुठला रे तू?"

"कागलचा. आता खारघरला असतो."

"घरात कोन?"

"कोणी नाही. आई होती, ती गेल्या साली गेली."

"मंग रांधतो कोन?"

"डबा येतो."

"आज हितं जेव."

"नाही आजी, चाचणीला आलेल्या माणसाने काही घ्यायचं नसतं. काम झालं की निघायचं."

आजींचं बोट तेव्हा शेवटच्या बटणावर होतं. ते तिथेच राहिलं. "हे शेवटचा काय मना कलत नाय," त्या म्हणाल्या. आत कुकरची शिट्टी झाली. अर्धी चाचणी टाकून कृष्णातला उठता येईना, आणि तेवढ्यात समोर ताट आलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. नियम बाजूला राहिला.

त्या थांबलेल्या बोटावर त्याने केवढं डोकं खाजवलं! 'अर्ज दाखल करा' हे शब्द धाक दाखवतात, असं त्याला वाटलं. त्याने 'पाठवा' केलं. चुकलं तर नंतर दुरुस्त करता येईल, असं धीराचं वाक्य वर घातलं. बटणाचा रंगसुद्धा बदलला. 'गोजराआजींचं बोट' ही गोष्ट तो प्रशिक्षणात इतकी रंगवून सांगायचा की लोक टाळ्या वाजवायचे. बुधवार आला की आजी पुन्हा अडायच्या.

खरं सांगायचं तर त्याला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. खारघरच्या फ्लॅटमध्ये शिरून दार लावलं की त्याला स्वतःचा खोकलासुद्धा परका वाटायचा. शेजाऱ्याचं नाव त्याला एकदा चुकून दारात आलेल्या पार्सलवरून कळलं होतं. बुधवारी निदान कोणीतरी 'अजून एक घे' म्हणायचं.

आजींकडेही कोणी फिरकत नसावं. एकदा एक बाई दारात डोकावली, तर आजींनी तिला डोळ्यांनीच परत धाडलं. एकटेपणा अंगात मुरला की माणसं नकोशी होतात, हे कृष्णातला पुरतं ठाऊक होतं. त्यांची त्याला दया यायची.

इकडे कार्यालयात वरिष्ठ नंदकुमार साहेब कावले होते.

"एका आजीसाठी किती थांबायचं? शुक्रवारी नवं पान संकेतस्थळावर लागलं नाही, तर जुनंच राहील. तुझा गटही मोडेल, सांगून ठेवतो."

"सर, जिथे आजी अडतात ते पान मी लावणार नाही."

बोलून तर गेला. गट मोडला म्हणजे काम गेलं, आणि कामाशिवाय त्याच्याजवळ दुसरं होतं काय? तरी आज, शेवटच्या बुधवारी, त्याने आजींना यातलं अक्षर सांगितलं नाही. माणसावर दडपण आणायचं नाही, हाही नियमच. तो जेवला आणि निघाला.

गुरुवारी मात्र त्याला राहवेना. नियम गेला खड्ड्यात, सरळ विचारायचं, आजी, नेमकं काय अडतं? न कळवताच तो घणसोलीला गेला.

दारात चपलांचा ढीग होता. ओट्यावर बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. आजी गल्लीकडे पाठ करून, चष्मा लावून, एका बाईचा नळ तिच्या नावावर करत होत्या. त्यांच्या खांद्यावरून फोन स्वच्छ दिसत होता. पान जुनंच होतं. 'उपरोक्त', 'अन्वये', 'विहित नमुना', सगळे जागच्या जागी. आजींचं बोट कुठेही थांबलं नाही. शेवटचं बटण तर त्यांनी बाईशी बोलता बोलताच दाबलं.

"झाला गो तुजा. पुढची कोन?"

कृष्णात चपलांपाशी उभा राहिला. कडेला बसलेल्या बाईने सरकून त्याला जागा केली.

"बसा ना. आज नंबर नाय लागला तर उद्या या. बुधवारी तेवढा येव नका."

"का?"

"बुधवारी आजी कोनाला दारात उभा करत नाय. खारघरचा एक पोरगा जेवाय येतो, त्याची आय मेलीय. नुसता जेवाय बोलावला तर यायचा नाय, बोलते."