चुलीचा घास

लालमहंमदने ओव्हनच्या तोंडात हात घातला आणि भाताचं एक शीत बाहेर काढलं. काळं, कडक, विलायती यंत्राच्या पोटात भाजून निघालेलं.

"हे बघा, कौशल्याताई. आजही. आणि खाली पुन्हा तूप."

भांडी घासणाऱ्या कौशल्याबाईने मान वर केली नाही. पातेलं मात्र इतकं घासलं, की त्याची कल्हई जायची वेळ आली.

पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या इंजिनियर साहेबांनी हा ओव्हन बोटीतून आणला होता. त्यात पाव भाजायचा, एवढंच त्याचं काम. बंगल्यात चूल नव्हती, शेगडी नव्हती. भातसुद्धा झाकलेल्या विजेच्या तबकडीवर शिजे. लाल झालेलं काही बघायचं, तर ते ओव्हनमध्येच. तो साफ करायचे नियम साहेबांनी खानसाम्याकडून, म्हणजे लालमहंमदकडून, घोकून घेतले होते. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग गार होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि पाणी तर मुळीच ओतायचं नाही. लालमहंमद ते पाढ्यासारखे म्हणत म्हणत ओव्हन पुसे. तरी दुसऱ्या दिवशी आत शितं असतच.

त्याचा संशय उंदरावर होता. "पण तुपाशिवाय भात खात नाही, म्हणजे खानदानी उंदीर आहे, ताई." त्याने पिंजरा लावला. एक उंदीर सापडलाही. त्याला पवना नदीपलीकडे हद्दपार करण्यात आलं. जाताना तो आपल्याकडेच बघत होता, असं कौशल्याबाईला वाटलं. त्या दिवशी तिला भाकरी गेली नाही.

कारण शितं तिची होती. चिखलीला घरी चुलीला पहिला घास दिल्याशिवाय ती कुणाला वाढत नसे. इथे आगीला कुणी विचारतच नव्हतं. म्हणून घरून फडक्यात बांधून आणलेली शितं ती गुपचूप लाल तारांवर टाकी आणि हात जोडी. तुपाचं मात्र तिलाही कोडं होतं. तिच्या घरी तूप दिवाळीला. शेवटी तिनेच ठरवलं, की घास पावला आणि देवाने शितांचं तूप केलं. हे ती कुणाला बोलली नाही. भांडीवालीच्या हातून चमत्कार झालेला बंगल्याला झेपला नसता.

आणि एके दिवशी सकाळी भडका उडाला. पाव ठेवायला लालमहंमद वाकला, तोच आतलं तूप पेटलं. त्याची अर्धी मिशी गेली. साहेब धावत आले, प्लग ओढला, ओव्हनचं दार घट्ट लावून धरलं. आग विझली. बाईसाहेब दारातच थिजून उभ्या राहिल्या.

"पुसल्याशिवाय लावायचा नाही, सांगितलं होतं ना?"

"पुसला होता, साहेब."

"मग तूप काय आभाळातून पडलं?"

कौशल्याबाईच्या समजुतीप्रमाणे, हो.

"घर जळलं असतं माझं! उद्यापासून येऊ नकोस."

लालमहंमदने कमरेचं फडकं सोडलं, घडी घालून ओट्यावर ठेवलं. "चुकीचा उंदीर धरला मी," तो स्वतःशीच म्हणाला आणि उरलेल्या अर्ध्या मिशीवरून हात फिरवून निघाला.

कौशल्याबाई ओल्या हातांनीच आडवी आली. "त्यास्नी काढू नगा, सायेब. शितं म्या टाकली. आगीला घास दिल्याबिगर आमच्यात जेवत न्हाईत."

"तू? आणि तूप?"

"त्ये शितांचं झालं," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "देवानं केलं."

साहेब विलायतेत बरंच काही शिकले होते, पण हे तिथे शिकवलं नव्हतं. त्यांनी नुसतंच बोट दरवाजाकडे दाखवलं. आता दोघांनाही.

तेव्हा बाईसाहेब पुढे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. लालमहंमदच्या मिशीकडे बघणं त्यांनी टाळलं.

"अहो, शितं तिची, तूप माझं. माझ्याही माहेरी अग्नीला आधी तूप देतात," त्या म्हणाल्या. "काढायचंच असेल, तर आधी मला काढा."