शॉवरवरचा डक्ट

ओरेस्टनं तळघरात डक्टचा जोड उचकटला, तर आतून बाईचा आवाज आला.

"बाबांना एवढ्यात काही बोलायचं नाही, ग्लेन. शपथ आहे तुला."

ओरेस्ट शिडीवरच थांबला. कॅनडातल्या विनिपेगमध्ये तीस वर्षं तो हेच काम करत होता. भट्टीची गरम हवा घरभर नेणारे पत्र्याचे डक्ट. हवा वर जाते आणि वरचं बोलणं खाली येतं. आपण कान बंद ठेवायचे, हा धंद्याचा रिवाज. पण वर स्वयंपाकघरात घरची मालकीण डार्सी रडत होती.

"त्यांचा विसराळूपणा वाढलाय, एकटं ठेवून आता कामावर जाता येत नाही," तिचा नवरा ग्लेन म्हणाला. "तळघरात बाथरूम झालं की भाडेकरू येईल, मगच वृद्धाश्रम परवडेल. एक तारखेपर्यंतच जागा धरून ठेवणारेत ते."

तेवढ्यात डार्सीचा बाप, म्हातारा वासिल, कॉफी घेऊन जिना उतरला.

"काय रे, शिडीवर झोपलास?"

"झोप कसली, काका. बाहेर उणे तीस आणि भट्टी बंद."

"मग आटप की! बायकोलापण असाच ताटकळत ठेवतोस?"

"ती ठेवते मला. बाथरूम कुणासाठी म्हणे हे?"

"माझ्यासाठी. जिने चढायला नकोत म्हणून." म्हातारा हसला. "कधी होईल?"

ओरेस्टला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

जुना डक्ट नेमका शॉवरवरून जात होता, माणसाच्या कपाळाला लागेल असा. भिंतीकडेनं दोन वळणं दिली की झालं, अर्ध्या दिवसाचं काम. पत्र्याची वळणं कापून तयार होती. दुपारी ओरेस्टनं ती गाडीत टाकली, जुना डक्ट होता तसा जोडला, भट्टी चालू केली आणि वर गेला.

"नाही जमत. डक्ट हलवला तर पुढच्या खोलीत हवाच पोचत नाही. तपासायला येणारा साहेब पास करणार नाही."

"मग दोन दिवस काय करत होतास?" ग्लेन भडकला.

"मोजत होतो."

"मोजत होता म्हणे! दुसरा माणूस आणतो मी."

"आणा. या थंडीत महिनाभर कुणी रिकामा नाही."

डार्सी खुर्चीत बसली. डोळे पुसले.

"राहू दे, ग्लेन. माझं मन होतच नव्हतं. आश्रमाला आत्ताच नाही म्हणून कळवते. बाबा इथंच राहतील." आणि तिनं फोन उचललासुद्धा.

तीस वर्षांत ओरेस्ट गिऱ्हाइकाशी पहिल्यांदाच खोटं बोलला होता. तरी त्याला हलकं वाटत होतं.

बाहेर वासिल त्याच्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता. ओरेस्टला राहवलं नाही. त्यानं ऐकलेलं सगळं सांगितलं, स्वतः केलेलंही सांगितलं.

"घाबरू नका, काका. आता कुणी तुम्हाला घराबाहेर काढत नाही."

म्हाताऱ्याचा हात थांबला.

"फोन केला तिनं?"

"केला. माझ्यासमोर."

"गाढवा," वासिल हळूच म्हणाला. "माझे तिघं दोस्त त्या आश्रमात चौथ्या भिडूवाचून पत्ते पिसत बसलेत. मीच आपणहून 'जातो' म्हटलं असतं तर आपण कमी पडलो म्हणून पोरगी जन्मभर रडली असती. तिचं तिलाच सुचावं म्हणून आठ महिने मी मुद्दाम शेगडी चालू ठेवून फिरायला जातोय."