फुग्याचा फोटो

"हा नको!" मी फ्लेक्सवाल्याला बजावलं. माझ्या साठीच्या फ्लेक्ससाठी ह्यांनी नेमका तोच जुना फोटो दिला होता. पडद्यावर माझा नुसता चेहरा, पुरीसारखा टम्म.

दम्यावर स्टेरॉईडच्या गोळ्या चालू होत्या, तेव्हाचा. चुलतसासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "सूनबाईंना सासर मानवलं हो!" मी आरशात बघून रडायचे, गोळ्या फेकून द्यायला निघायचे. पण रोज सकाळी हे दूध-भाकरी कुस्करून समोर बसायचे. "आधी खा, मग गोळी. एकदम बंद करायची नाही. डॉक्टर हळूहळू कमी करतील."

"अहो, अख्खं गाव हसेल," मी म्हणाले.

"अरे, हिला पूर्ण फोटो दाखव," हे फ्लेक्सवाल्याला म्हणाले.

पडद्यावर अख्खा फोटो आला. माझ्या हातात लाल फुगा, आणि त्याच्याकडे झेपावणारी आमची पाच वर्षांची मुक्ता. तो फुगा तिच्या वाढदिवसाला मी फुगवला होता. आदल्या वाढदिवसाला मला तेवढाही श्वास पुरत नव्हता. फुगे फुगवून आणायला मी तिला शेजारी पाठवलं होतं.

"काकू, दुसरा टाकू?"

"हाच ठेव," मी म्हणाले. "फुगा मात्र कापू नकोस."