नखांवरची मेंदी

हातमोजे चढवताना यमुनेला दिसलं, की आपली नखं मुळाशी निळी पडली आहेत. कामावर घेताना दंडात टोचलेली लस नेमकं हेच करायची. कारखान्याच्या शेडमधल्या वाफेचं विष अंगात भिनू लागलं, की नखं निळी होत. मग कायद्याने शेड बंद, आणि गळती सापडेपर्यंत सगळ्या बायका बिनपगारी घरी.

"डॉक्टरीणबाईंना दाखवते मी," यमुना म्हणाली. "कुठंतरी गळतंय, बायांनो."

"आणि आम्ही काय खायचं? तुझा गुरुवारचा उपास आम्हाला रोज घडवणार होय?" शेजारी मोजे चढवणाऱ्या केराबाईंनी कमरेचा मेंदीचा कोन काढला. "आण इकडं बोटं."

यमुना हात मागे घेणार, तोच तिची नजर केराबाईंच्या बोटांवर गेली, मग बाकीच्यांच्या. सण ना वार, प्रत्येकीची नखं मेंदीने लाल होती. तिने मुकाट्याने हात पुढे केला.

दुपारी कारखान्याच्या डॉक्टरीणबाई रोजच्यासारख्या नखं तपासायला आल्या. एकेकीचा हात बघत त्या यमुनेपाशी थांबल्या, तिची बोटं उलटसुलट करून पाहू लागल्या. यांनी विचारलं, तर खरं तेच सांगायचं, असं यमुनेने दत्तमहाराजांना स्मरून ठरवलं.

बाईंनी काहीच विचारलं नाही.

"नुसती नखं रंगवलेली डोळ्यांवर येतात गं," त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या वेळी तळहातावरही काढा."